हिरडा, कातडं आणि दात

इतवारीच्या किराणा ओळीतल्या आमच्या काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा तीन खणांत ठेवलेला असे. पहिल्यात बाळहिरडा, म्हणजे आत बी धरायच्या आधीच गळलेलं, काळं, सुरकुतलेलं फळ. दुसऱ्यात रंगारी हिरडा. तिसऱ्यात सुरवारी, मोठा, वजनदार, वैद्य लोक निवडून घेत तो. बाळहिरडा घ्यायला तान्ह्या मुलाच्या आया आणि आज्या येत, कारण तो सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायचा. सुरवारी त्रिफळ्यासाठी जाई. रंगारी हिरड्याचं गिऱ्हाईक मात्र अगदी वेगवेगळ्या घरांतलं होतं. पोत्यानं नेणारे असत ते कापड रंगवणारे आणि कातडं कमावणारे. मूठभर नेणाऱ्या असत त्या दातवण घरी करणाऱ्या बायका.

मी पुढे दातांची डॉक्टर झाले आणि आयुष्यभर ओरल हिस्टॉलॉजी, म्हणजे दाताची आणि तोंडाची सूक्ष्मरचना शिकवली. चामड्याच्या हौदात आणि बाईच्या दातावर एकच फळ का चालायचं, याचं उत्तर मला दुकानात मिळालं नाही, डेंटिन शिकवताना मिळालं. नागपुरातल्या या विस्मरणात गेलेल्या व्यवहाराची नोंद त्या उत्तरासकट व्हावी असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

इतवारी हा नागपूरचा जुना ठोक बाजार. सराफा ओळ, भांडे ओळ, लोहा ओळ, किराणा ओळ, मस्कासाथ ही नावंच सांगतात की इथे एकेका मालाची एकेक रांग बसत गेली. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली आणि मध्य प्रांताच्या जंगलातला माल थेट बंदराकडे जाऊ लागला. १९०८ मध्ये नागभीडकडे छोटी गाडी सुरू झाली. ब्रह्मपुरी, चांदा या बाजूचा मोह, डिंक, लाख, चारोळी, खैराचा कात आणि हिरडा तिनं वर्षानुवर्षं वाहून आणला. ती गाडी २०१९ मध्ये रूळ बदलण्यासाठी बंद झाली. इतवारी स्थानकाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव जोडलेलं आहे, पण हमालांच्या तोंडी अजून इतवारीच आहे.

आज हिरडा म्हटलं की लोकांना चूर्णाची बाटली आठवते. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. मध्य प्रांतातला हिरडा मुख्यतः इंग्लंडच्या चामड्याच्या कारखान्यांसाठी जात होता. त्या व्यापारात फळांना बंदरांची आणि गावांची नावं पडलेली होती: भिमली, वेंगुर्ला, जबलपुरी. जबलपुरी म्हणजे आमच्या बाजूच्या, सातपुड्याच्या जंगलातला माल. फळाच्या वाळक्या गरात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं, आणि विलायतेला हवं होतं ते तेवढंच. जॉर्ज वॉट यांचा भारतातल्या आर्थिक उपयोगाच्या वस्तूंचा सहा भागांतला कोश १८८९ ते १८९३ या काळात निघाला. त्यातली हिरड्याची नोंद वाचताना मला हा माल औषध म्हणून कमी आणि कच्चा माल म्हणून जास्त दिसला: रंग, शाई, कातडं.

आता दातवण.

माझ्या आजीचे दात काळे होते. किडलेले नव्हे, रंगवलेले. काळे, गुळगुळीत, हसली की चमकणारे. तिच्या माहेरी आणि सासरी लग्न झालेल्या बाईच्या साजात काजळ, कुंकू आणि दातवण ही बरोबरीनं धरली जात. नवरा गेला की दातवणही जाई. उत्तरेकडून आलेल्या आणि मुसलमान घरांत यालाच मिस्सी म्हणत, आणि इतवारीत दोन्ही नावं एकाच डबीवर चालत.

आजीची कृती अशी होती. रंगारी हिरडा फोडून बी काढायची, गर तव्यावर जरा भाजायचा. मायफळ कुटायचं. मायफळ हे फळच नाही. ओकच्या जातीच्या झाडावर किड्यानं अंडी घातली की जी गाठ येते ती मायफळ, आणि ती इराण-तुर्कस्तानाकडून मुंबईमार्गे येई. हे दोन्ही वस्त्रगाळ करायचं, त्यात हिराकस घालायचं, वासाला लवंग. रात्री जेवणं झाल्यावर बोटानं दातांवर चोळायचं. आजी म्हणे, "लावलं का मग सकाळलोक पाणी नाही प्यायचं बाई, नाही तं रंग बसत नाही." सकाळपर्यंत दात काळेभोर.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. हिरड्यातलं आणि मायफळातलं टॅनिन लोहाला भेटलं आणि हवा लागली की काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. याच जोडीनं शाई होत असे. याच जोडीनं कमावलेलं कातडं काळं करत. लिहिणारा, जोडे करणारा आणि सौभाग्यवती बाई, तिघांचा काळा रंग एकाच रसायनातून यायचा आणि तिघांचा माल एकाच तराजूत तोलला जायचा.

त्या तराजूभोवती माणसांना मात्र सारखी वागणूक नव्हती. कातडं कमावणारी माणसं वर्ध्याकडच्या आणि भंडाऱ्याकडच्या खेड्यांतून पोती न्यायला येत. माझ्या आजोबांच्या काळी त्यांनी ओट्याखाली उभं राहायचं, पैसे ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि मागे सरायचं, असा रिवाज होता. हे मला बाबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. ज्या पोत्यातला हिरडा त्यांच्या हौदात जाई, त्याच पोत्यातली मूठ आजीच्या डबीत जाई. आजीला ते ठाऊक होतं की नाही, मला कधी विचारता आलं नाही.

त्यांच्या कामात ज्ञान किती होतं ते लोकांना माहीत नाही. कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात टाकतात. केस सुटतात, तंतू फुगून मोकळे होतात. मग चुना धुऊन काढायचा आणि बाभळीच्या सालीच्या, हिरड्याच्या पाण्यात कातडं मुरू द्यायचं. आधी पातळ पाणी, मग हळूहळू दाट. सुरुवातीलाच दाट पाणी दिलं तर वरचा थर आवळला जातो आणि आत काहीच पोचत नाही. शेवटी कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात सालीचा चुरा आणि पाणी भरून ती झाडाला किंवा तिकाटण्याला टांगत. पाणी थेंबथेंब झिरपे, खाली भांड्यात साठे, ते पुन्हा वरून ओतत. या सगळ्याला आठवडे लागत. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्या काळात गोपाळराव वाळुंजकर यांनी जवळच्या नालवाडीला चर्मालय चालवलं आणि हीच देशी पद्धत सुधारून, स्वच्छ करून दाखवण्यासाठी कष्ट घेतले. सवर्ण घरातल्या माणसानं मेलेल्या ढोराच्या कातड्याला हात लावणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण पिढ्यान्पिढ्या ते काम करणाऱ्यांना ते सोडून देण्याचा हक्कही तितकाच मोठा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं सांगितलं, १९५६ मध्ये याच नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि पुष्कळ घरांनी जुने, अपमानाचे धंदे टाकले. पोत्यानं हिरडा नेणारी गिऱ्हाइकं आमच्या दुकानात कमी होत गेली त्यामागे क्रोम वापरणारे कारखाने होते, तसा हा स्वाभिमानही होता.

हौदात काय घडतं ते सांगायचं तर कोलॅजनकडे यायला हवं. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे तिसरा हिस्सा तेच असतं. त्याची रचना उलगडली ती आपल्या देशात. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ बर्नाल मद्रासला आले असताना गो. ना. रामचंद्रन यांच्याशी बोलताना कोलॅजनचं कोडं सुटलेलं नाही असं म्हणाले. मद्रास विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, तिथून कोलॅजनचे नमुने मिळाले. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी क्ष-किरणांच्या चित्रांवरून १९५४-५५ मध्ये दाखवलं की कोलॅजन हे तीन साखळ्यांच्या पेडांची वेणी आहे. प्रत्येक साखळीत जवळजवळ हजार कड्या, आणि दर तिसरी कडी ग्लायसिन. ग्लायसिन सगळ्यात लहान अमिनो आम्ल, म्हणून वेणीच्या आतल्या अरुंद जागेत तेच मावतं. केंब्रिजला रिच आणि क्रिक यांनी त्यात पुढे दुरुस्त्या सुचवल्या, पण तीन पेडांची मूळ कल्पना मद्रासची. चामड्याच्या संस्थेशेजारी हा शोध लागावा, याचा मला नेहमी आनंद वाटत आला आहे.

टॅनिनचे रेणू या वेण्यांच्या मध्ये शिरतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी त्यांना धरतात, आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. बांधलेलं कोलॅजन जंतूंच्या एन्झाइमना तोडता येत नाही. कच्चं कातडं चार दिवसांत सडतं, कमावलेलं पन्नास वर्षं टिकतं, यामागचं मुख्य कारण हेच.

दाताच्या आतही हेच कोलॅजन आहे.

दात बाहेरून दिसतो तो एनॅमल. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, प्रथिन जवळजवळ नाहीच. दात हिरडीतून वर आला की एनॅमल घडवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात, पुढे आयुष्यभर त्यात भर पडत नाही. त्याखाली डेंटिन, आणि दाताचा बहुतांश भाग म्हणजे डेंटिनच. ते ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, १० टक्के पाणी. त्या २० टक्क्यांतला नऊ दशांश भाग पहिल्या प्रकारचं कोलॅजन, म्हणजे बैलाच्या कातड्यात असतं तेच.

मी हे मुलांना सांगत नसे, दाखवत असे. काढलेला दात सौम्य आम्लात ठेवायचा. दिवसागणिक खनिज विरघळतं. एनॅमल पुरतंच नाहीसं होतं, मागे काही राहत नाही. डेंटिन मात्र आकारासकट राहतं, पण रबरासारखं मऊ होतं. मूळ बोटांनी वाकवता येतं. मुलं ते हातात घेऊन थबकत, कारण दात वाकतो हे कुणालाच खरं वाटत नाही. मग मी त्या मऊ मुळाची चकती हिरड्याच्या काढ्यात टाकत असे. काही दिवसांनी ती तपकिरी, चिवट, आवळलेली निघे. मुलं वास घेत आणि म्हणत, "मॅडम, चपलेचा वास येतो." बरोबर होतं ते. आम्ही दात कमावला होता.

पण मग खरा प्रश्न उभा राहतो. कोलॅजन एकच, तर कातडं मऊ आणि दात कठीण कसा? रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट सगळीकडे आहेत. आपल्या कातडीचा दगड का होत नाही?

याचं उत्तर शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या आर्थर व्हाइस यांच्या कामातून हळूहळू पुढे आलं. त्यांचं १९६४ चं पुस्तक जिलेटिनवर होतं, म्हणजे कातडी आणि हाडं उकळून निघणाऱ्या कोलॅजनवर. १९६७ मध्ये त्यांनी आणि पेरी यांनी डेंटिनमधून एक फॉस्फेटयुक्त प्रथिन वेगळं काढलं. पुढे त्याला फॉस्फोफोरिन म्हणू लागले. कोलॅजनच्या मानानं ते अगदी थोडं असतं, पण त्याची घडण विलक्षण आहे. त्याच्या साखळीतल्या चारपैकी तीनहून अधिक कड्या फक्त दोन अमिनो आम्लांच्या: सेरीन आणि ॲस्पार्टिक आम्ल. सेरीन, सेरीन, ॲस्पार्टिक, पुन्हा सेरीन, सेरीन, ॲस्पार्टिक, असा तोच तो क्रम शेकडो कड्यांपर्यंत चालतो. सेरीनवर फॉस्फेट चढतं. ॲस्पार्टिक आम्लावर ऋण भार असतोच. त्यामुळे निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत आम्लधर्मी प्रथिनांमध्ये त्याची गणना होते, आणि धन भाराचं कॅल्शियम ते जोरानं धरून ठेवतं.

ही योजना कशी चालते ते पाहा. दाताच्या मगजाच्या कडेला ओडोन्टोब्लास्ट पेशी दाटीवाटीनं उभ्या असतात. त्या आधी नुसतं कोलॅजन विणतात. त्याला प्रीडेंटिन म्हणतात, आणि ते तोवर मऊच असतं. दात घडत असताना रोज सुमारे चार मायक्रोमीटर जाडीचा थर पडतो. प्रत्येक पेशी मागे सरकत जाते आणि आपला एक लांब धागा मागे सोडते. त्या धाग्याभोवती डेंटिनमधली नळी तयार होते. फॉस्फोफोरिन मात्र या मऊ थरात सोडलं जात नाही. पेशीच्या धाग्यातून ते थेट पुढे, जिथे मऊ थर कठीण होतो त्या रेषेवर पोचवलं जातं. तिथे ते कोलॅजनच्या वेणीला धरतं, कॅल्शियम ओढतं, आणि खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे वेणीच्या आत आणि भोवती रचले जातात. जागा चुकली तर सगळंच चुकेल. कातडीतल्या पेशी या प्रथिनाचा असा साठा करत नाहीत, म्हणून कातडी कातडीच राहते.

१९९३ मध्ये ॲन जॉर्ज यांनी व्हाइस यांच्याबरोबर डेंटिनमधलं आणखी एक आम्लधर्मी प्रथिन शोधलं, डीएमपी-१. मूळच्या भारतीय असलेल्या या संशोधिकेनं पुढे शिकागोच्याच इलिनॉय विद्यापीठात आयुष्यभर त्यावर काम केलं. १९९७ मध्ये मेरी मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फॉस्फोफोरिन आणि डेंटिनमधलं दुसरं एक प्रथिन, डीएसपी, ही दोन्ही एकाच जनुकातून, एकाच लांब साखळीचे तुकडे होऊन निघतात. त्या जनुकाला डीएसपीपी म्हणतात. माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर डीएमपी-१ आणि हाडांच्या इतर प्रथिनांच्या जनुकांशेजारी ते बसलेलं आहे. २००१ मध्ये चीनमधल्या कुटुंबांत त्याच जनुकातले दोष सापडले. अशा घरांत पिढ्यान्पिढ्या दात मधाच्या रंगाचे, अर्धपारदर्शक दिसतात. वरचं एनॅमल चांगलं असूनही टवके उडतात, कारण खालचा आधार कच्चा असतो. असे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. खेड्यात त्या मुलींच्या लग्नाला अडचण येते, आणि "दात घासत नाही" हे दूषण त्यांना जन्मभर ऐकावं लागतं. दोष ब्रशचा नसतो, आतल्या एका प्रथिनाचा असतो. हे त्या आयांना समजावून सांगणं मी माझ्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानत आले.

आता दातवणाकडे परत येते, कारण त्याची बाजू तपासायलाच हवी. निरोगी दातावर एनॅमल असतं, तिथे कोलॅजन नाही. मग हिरडा धरतो कशाला? लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर दातावर कायम असतो, त्याला. हिरडा चावल्यावर तोंड तुरट होतं तेव्हा नेमकी लाळेचीच प्रथिनं आवळली जात असतात. खरा परिणाम होतो तो उघड्या पडलेल्या डेंटिनवर: हिरडी खाली सरलेली असेल, एनॅमल झिजलेलं असेल, मुळाशी कीड लागली असेल तिथे. कीड म्हणजे जंतूंचं आम्ल आधी खनिज विरघळवतं, आणि मग उघडं पडलेलं कोलॅजन एन्झाइम तोडतात. ही एन्झाइम लाळेत असतात आणि खुद्द डेंटिनमध्येही पुरलेली असतात. टॅनिननं बांधलेलं कोलॅजन ती सहजी तोडू शकत नाहीत. द्राक्षाच्या बियांतलं टॅनिन वापरून डेंटिनचं कोलॅजन बळकट करायचे प्रयोग आना बेद्रान-रूसो यांनी इलिनॉय विद्यापीठातच वर्षानुवर्षं केले. वाळुंजकरांना आणि आमच्या गिऱ्हाइकांना ते पाहून आश्चर्य वाटलं नसतं. सुश्रुतानं दातकाडीसाठी तुरट झाडांत खैर श्रेष्ठ म्हटलं, तेही याच गुणासाठी असावं.

जपानमध्येही हीच रीत होती. तिथे लोखंड आंबवलेल्या पाण्यात टाकून, झाडावरच्या गाठींची पूड लावून बायका दात काळे करत. १८७० मध्ये सरकारनं सरदार घराण्यांना ते बंद करायला सांगितलं, १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, आणि प्रथा मागे पडली. पण जपानी दंतवैद्य ती विसरले नाहीत. १९६९ मध्ये ओसाकाला मिझुहो निशिनो यांनी चांदी आणि फ्लोराइड यांचं एक औषध मांडलं. किडलेल्या डेंटिनवर त्याचा थेंब लावला की कीड थांबते आणि ती जागा काळी, टणक होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे लहान मुलांना ते लावायला सांगितलं की आया म्हणतात, दात काळा नको. त्यांच्या पणज्या दात काळे करण्यासाठी आमच्या दुकानात येत असत.

आजीच्या डबीत सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. हिराकस पोटात जाणं बरं नाही, भाजलेली पूड खरखरीत असते आणि घासून घासून दाताची मान झिजवते. पुढे बायकांनी दातवण सोडलं आणि मिशेरी धरली, गोंदिया-छत्तीसगडच्या बाजूनं गुडाखू आला. त्यांत टॅनिन जाऊन तंबाखू आला, हे फार मोठं नुकसान झालं. दुसरीकडे शहरांत पांढऱ्याची ओढ लागली. मुंबईची माकडछाप काळी पावडर आमच्या दुकानात पुष्कळ काळ होती. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला विको कंपनी काढली. तिच्या वज्रदंतीत बाभूळ, खैर, बकुळ अशी आमच्याच खणांतली नावं होती, पण त्यात हिराकस नव्हतं, आणि दात पांढरे राहत. साली तुरटच राहिल्या, काळा रंग तेवढा गेला. आजीच्या वयाच्या बायका गेल्या तसं हिराकस मागणारं कुणी उरलं नाही. बाबांनी एका दिवाळीत तो डबा रिकामा करून त्यात ओवा भरला.

टॅनिन आणि कोलॅजन यांची गाठ इतवारीत आजही रोज पडते, पण ती दातात नाही, गालात. मस्कासाथ आणि आसपास सुपारीचा ठोक बाजार आहे. त्या सुपारीचा खर्रा होतो: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटलेला. सुपारीतलं अरेकोलिन गालातल्या पेशींना जास्त कोलॅजन करायला लावतं. तिच्यातलं तांबं कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या एन्झाइमला चेतवतं. आणि १९८० च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे सुपारीतलं टॅनिन त्या कोलॅजनला असं बांधतं की शरीराला ते मोडता येत नाही. हौदात कातड्याचं जे होतं तेच जिवंत माणसाच्या तोंडात होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या रोगाचं वर्णन केलं, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गाल पांढरट, ताठ होतात, तिखट लागलं की आग होते, आणि काहींना पुढे कर्करोग होतो. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर घोटून मिळतो. रुग्ण बघताना मी विशीतल्या पोरांचे गाल बोटानं चाचपले आहेत आणि आतल्या दोऱ्या हाताला लागल्या आहेत.

निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. खर्रा खाणाऱ्यांत दोन, पुढे एक. अशा पोराची मागची दाढ किडते तेव्हा आतले ओडोन्टोब्लास्ट त्यांचं काम सोडत नाहीत. कीड जवळ येते तसं किडलेल्या डेंटिनमधून पुरलेले वाढीचे घटक सुटतात, पेशी जाग्या होतात, कोलॅजन विणतात, फॉस्फोफोरिन सोडतात आणि मगजापुढे नवीन भिंत उभी करतात. वेळेत कीड काढून भरलं तर ती दाढ वाचते. पण तोंड एक बोट उघडत असेल तर ड्रिल आत जात नाही, आरसा जात नाही, भूल द्यायची सुईसुद्धा मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही.